फोन गावी, आपण पुण्यात : कॉल फॉरवर्डिंगची किल्ली नेमकी कोणाकडे?

आजचा भाग तुमच्यातल्याच एकाच्या प्रश्नावर आहे. अकोले तालुक्यातल्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. प्रश्न असा : "दादा, मी पुण्यात कामाला आहे. सुट्टीला राजूरला आलो होतो, परत निघताना फोन घरीच राहिला. माझ्या नंबरवर येणारे कॉल इथून, लांबूनच, दुसऱ्या नंबरवर वळवता येतील का?"

उत्तर आधी सांगून टाकतो. स्वतःच्या हाताने, लांबून, साधारणपणे नाही. आणि मी तर म्हणेन, नाही तेच बरं आहे. का बरं आहे, हे सांगायला पुढची दहा-बारा मिनिटं लागतील. तुम्ही फोन कधी विसरत नसाल तरी ऐका, कारण यात तुमच्या आई-वडिलांचे पैसे गुंतलेत.

आधी थोडं मागे जाऊ. तुम्ही पी.पी. नंबर हा प्रकार ऐकलाय का? नसेल तर घरात विचारा. गावात एक-दोन घरी लँडलाइन असायची. लग्नपत्रिकेवर किंवा दुकानाच्या पाटीवर नंबर छापायचा आणि त्यापुढे कंसात लिहायचं, 'पी.पी.' म्हणजे फोन आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे, आम्हाला बोलावून द्या. फोन वाजायचा शेजारच्यांकडे, मग त्यांचा पोरगा गल्लीतून पळत यायचा, "काकू, तुमचा फोन आलाय, दहा मिनिटांनी परत लावणार आहेत!"

हे कॉल फॉरवर्डिंगच होतं. फक्त मशीनच्या जागी पोरगा होता. आणि यातला कळीचा मुद्दा तेव्हाही तोच होता : तुमचा फोन तुमच्यापर्यंत पोचवायचा की नाही, हे शेजाऱ्यांच्या हातात. भांडण झालं असेल तर "नाहीत घरी" म्हणून ठेवून द्यायला कितीसा वेळ लागतो?

हा झगडा फोन आला तेव्हापासूनचा आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा माणूस होता. धंदा अंत्यविधीचा. त्या काळी फोन उचलला की एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला सांगायचं, अमक्याला जोडून द्या, आणि ती हाताने वायर जोडायची. स्ट्रोजरला संशय आला की ही बाई माझी गिऱ्हाइकं माझ्या स्पर्धकाकडे जोडून देते. ती त्या स्पर्धकाची बायकोच होती असंही सांगतात, पण ती दंतकथा असू शकते. पुढचं मात्र नोंदलेलं आहे. या गड्याने मधला माणूसच काढून टाकायचं ठरवलं आणि आपोआप जोडणी करणारा स्विच बनवला. १० मार्च १८९१ ला त्याचं पेटंट मिळालं. १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात त्यावर चालणारं एक्स्चेंज सुरू झालं. म्हणजे ऑटोमॅटिक टेलिफोनच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : माझा कॉल कुठे जाणार हे कोण ठरवतं?

आता आपल्या मोबाइलकडे येऊ. बऱ्याच जणांना वाटतं, फॉरवर्डिंग ही फोनमधली सेटिंग आहे. तसं नाहीये. समजा तुम्ही पोस्टात अर्ज दिला की माझी पत्रं आता नगरच्या पत्त्यावर पाठवा. तो अर्ज पोस्टात असतो. घरासमोरच्या पत्रपेटीला त्यातलं काही माहीत नसतं. पेटी बदला, रंगवा, काढून फेकून द्या, पत्रं नगरलाच जाणार. फॉरवर्डिंगचं अगदी तसंच. तुमच्या नंबरची नोंद कंपनीच्या नेटवर्कमधल्या एका डेटाबेसमध्ये असते आणि 'कॉल कुठे वळवायचा' हे त्या नोंदीत लिहिलेलं असतं. म्हणून फोन स्विच ऑफ केला, फॉरमॅट मारला, नवा हँडसेट घेतला, तरी एकदा लावलेलं फॉरवर्डिंग तसंच राहतं.

ही नोंद बदलायचे कोड जीएसएमच्या स्टँडर्डमध्ये ठरलेले आहेत. घाबरू नका, व्याकरण सोपं आहे. स्टार म्हणजे चालू कर. हॅश म्हणजे बंद कर. स्टार-हॅश म्हणजे काय स्थिती आहे ते सांग. डबल हॅश म्हणजे नोंदच पुसून टाक. आणि मधला आकडा कुठल्या प्रकारचं फॉरवर्डिंग ते सांगतो :

२१ – सगळे कॉल वळव, माझा फोन वाजवूच नको.
६१ – मी उचलला नाही तर वळव.
६२ – फोन बंद असेल किंवा रेंजमध्ये नसेल तर वळव.
६७ – मी दुसऱ्या कॉलवर असेन तर वळव.
००२ – हे सगळे प्रकार एकत्र.

म्हणजे *२१*, पुढे दहा आकडी नंबर, मग # आणि हिरवं बटण. संपलं. इथून पुढे तुमचा प्रत्येक कॉल त्या नंबरवर.

आता माझ्यातला इंजिनिअर जिथे थबकतो ती जागा सांगतो. याच स्टँडर्डमध्ये कॉल बॅरिंग नावाची सेवा आहे, म्हणजे ठरावीक कॉल बंद करून ठेवणे. तिला चार आकडी पासवर्ड लागतो. कॉल फॉरवर्डिंगला पासवर्ड लागत नाही! कॉल थांबवायला कुलूप आहे आणि सगळे कॉल तिसऱ्याच माणसाकडे वळवायला काही नाही. नेटवर्क एकच गोष्ट बघतं : हा हुकूम याच सिमवरून आलाय ना? सिममध्ये एक गुप्त की असते, तिच्यावरून नेटवर्कला खात्री पटते की सिम खरं आहे. पण सिम कोणाच्या हातात आहे, आणि हातवाला कोणाच्या सांगण्यावरून बटणं दाबतोय, हे त्याला कळायचा मार्गच नाही.

म्हणून आपल्या राजूरच्या मित्राला पुण्यातून काही करता येत नाही. त्याचा नंबर त्याला पाठ आहे, पण किल्ली, म्हणजे सिम, राजूरला फडताळावर आहे.

तुम्ही म्हणाल, मग कंपन्यांनी पिन नंबर देऊन लांबून करायची सोय का नाही ठेवली? अमेरिकेत लँडलाइनला अशी सोय होती. 'रिमोट ॲक्सेस टू कॉल फॉरवर्डिंग' नावाची. कुठल्याही फोनवरून एक ठरावीक नंबर लावायचा, मग आपला नंबर आणि पिन दाबायचा, आणि घरचा फोन हवा तिकडे वळवायचा. धंदेवाल्यांसाठी झकास. पण विचार करा, ज्याला तुमचा पिन कळला त्यालाही तीच सोय झाली की! घरमालकासाठी मागचं दार ठेवलं की ते चोरालाही दिसतं.

आता एक खरा किस्सा. सप्टेंबर २०१२. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला एकोपार्टी नावाची सुरक्षा परिषद भरली होती. तिथे बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या एका संशोधकाने प्रात्यक्षिक दाखवलं. नाव ऐका, रवी बोरगावकर. त्यांनी दाखवलं की त्या वेळच्या काही सॅमसंग फोनवर नुसतं एक वेबपेज उघडलं तरी फोन स्वतःहून कोड डायल करतो, आणि तो कोड फॅक्टरी रीसेटचा असेल तर सगळा डेटा पुसला जातो. माणसाने बटण दाबायचीही गरज नाही. त्यानंतर हे भोक बुजवलं गेलं. आज लिंक दाबली तर कोड फार तर डायलरमध्ये येऊन थांबतो. हिरवं बटण तुम्हालाच दाबावं लागतं.

याचा अर्थ लक्षात आला का? लांबून बसलेल्या चोराकडे आता साधा रिमोट उरलेला नाही. त्याला तुमचा अंगठा लागतो. तो तुमच्या फोनमध्ये शिरत नाही, तुमच्याशी गोड बोलतो.

हे माझ्या घरातच घडलं म्हणून सांगतो. माझे मामा नेवासा तालुक्यात असतात. ऊस आणि कांदा. सीझनमध्ये त्यांचा फोन म्हणजे त्यांचा धंदा. चिटबॉयचा फोन येतो, उद्या तुमच्या उसाला टोळी येतेय, वावरात थांबा. घोडेगावच्या कांदा मार्केटमधून आडत्याचा फोन येतो, आज भाव असाय, गाडी भरा. तर एका सकाळी फोन आला, "काका, कुरिअर घेऊन आलोय, तुमचा पत्ता सापडत नाही. आमच्या पोराचा नंबर देतो, त्याला लावा. नंबरच्या आधी स्टार एकवीस स्टार दाबा, शेवटी हॅश दाबा, म्हणजे फुकट लागतो." मामींनी खरंच मशीनचा एक पार्ट मागवलेला होता. मामांनी दाबलं. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं आणि गेलं.

संध्याकाळी मामांचा मला फोन. "आरं, माझा फोन मेलाय का काय? सकाळधरनं एक रिंग नाही. मी लावतो तो लागतोय बघ." मी म्हटलं, ठेवा, मी लावतो उलट. लावला, तर पलीकडे कोणीतरी उचलला आणि एक शब्द न बोलता कट केला. मामा म्हणाले, माझा तर वाजलाच नाही.

तोपर्यंत पुढचं होऊन गेलं होतं. मामांचं व्हॉट्सॲप त्यांच्या फोनवरून लॉगआउट झालेलं. ते असं होतं : चोर स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप टाकतो, मामांचा नंबर भरतो. सहा आकडी कोडचा एसएमएस मामांनाच येतो, कारण कॉल फॉरवर्डिंगने एसएमएस वळत नाहीत. पण व्हॉट्सॲपमध्ये दुसरा पर्याय असतो, कोड फोन करून सांगा. तो कॉल निघतो मामांच्या नंबरवर आणि पोचतो चोराकडे. मशीन त्याला सहा आकडे वाचून दाखवतं. झालं. मग मामांच्या नावाने पाहुण्यांना मेसेज : 'अर्जंट आहे, दहा हजार टाक, उद्या देतो.' माझ्या मावशीने टाकले. तिने खात्री करायला मामांना फोनही लावला होता. तो गेला चोराकडे, त्याने उचलला नाही. तिला वाटलं, भाऊ दवाखान्यात असेल, म्हणून तिने आणखी घाईने टाकले.

मी पुण्यात बसून सगळं समजत होतो आणि माझ्या लॅपटॉपवरून मला एक अक्षरही बदलता येत नव्हतं. किल्ली नेवाशात मामांच्या खिशात. मग काय केलं? जे चोराने केलं तेच. फोनवरून सांगितलं, "मामा, फोन ठेवा. दोन वेळा हॅश, शून्य शून्य दोन, परत हॅश, हिरवं बटण. मग मला लावा." दोन मिनिटांत फोन वाजायला लागला. चोराने व्हॉट्सॲपला स्वतःचा पिन लावून ठेवला होता. आम्ही एसएमएसचा कोड टाकल्यावर तो बाहेर फेकला गेला, पण पिन काढायला सात दिवस थांबावं लागलं. १९३० वर तक्रार केली. टोळी मात्र त्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात गेली, कारण चिटबॉयने तीनदा फोन लावला होता आणि कोणी नीट बोललंच नव्हतं.

त्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी मामांना फोनवरून कोड सांगितला. चोरानेही मामांना फोनवरून कोड सांगितला. नेटवर्कच्या दृष्टीने दोन्ही एकच. फरक फक्त मामांना ओळखता येणार होता, आणि मामांना तो ओळखायला कोणी शिकवलंच नव्हतं. लांबून फॉरवर्डिंग चालवायची एकच खरी पद्धत आहे : ज्याच्या हातात सिम आहे त्या माणसाचा विश्वास. तो तुम्हीही वापरता, चोरही वापरतो.

सरकारने काही केलं का? केलंय. २०२४ च्या सुरुवातीला दूरसंचार विभागाने *४०१* या कोडबद्दल सावध केलं होतं. काही कंपन्यांच्या सिमवर त्याने फॉरवर्डिंग चालू व्हायचं. मग २८ मार्च २०२४ ला आदेश निघाला की यूएसएसडी पद्धतीचं कॉल फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून पुढचा आदेश येईपर्यंत बंद. ज्यांना हवंय त्यांना कंपनीने दुसऱ्या मार्गाने चालू करून द्यायचं. पण इथे एक बारकावा आहे. ४०१ सारखा कोड फोन जसाच्या तसा नेटवर्ककडे ढकलतो, तो यूएसएसडी. २१, ६१, ६२, ६७ हे कोड फोन स्वतः ओळखतो आणि वेगळ्या प्रकारचा हुकूम बनवून पाठवतो. डायल करताना दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे 'सरकारने बंद केलंय ना' म्हणून निवांत राहू नका.

आता कामाचं. पेन घ्या, किंवा हा भाग सेव्ह करून ठेवा.

पहिलं, तपासणी. *#२१# डायल करा. मग *#६१#, *#६२#, *#६७#. चारही बघा, कारण हुशार चोर २१ वापरत नाही. तो ६७ लावतो आणि तुम्हाला बोलण्यात गुंतवून ठेवतो, तेवढ्यात कोडचा कॉल त्याच्याकडे वळतो. काही सिमवर कोडला उत्तर येत नाही, तेव्हा फोन ॲपच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग शोधा. दोन सिम असतील तर दोन्ही तपासा. आणि ६२ ला एखादा अनोळखी नंबर दिसला तर लगेच घाबरू नका. बऱ्याचदा तो कंपनीचाच, मिस्ड कॉल अलर्टचा असतो. कस्टमर केअरला विचारून खात्री करा.

दुसरं, गडबड वाटली तर ##००२#. सगळं पुसलं जातं. मिस्ड कॉल अलर्टही जाऊ शकतो, तो नंतर परत चालू करून घ्या.

तिसरं, पैसे गेले असतील तर विचार करत बसू नका. लगेच १९३० आणि बँक. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते. पैसे गेले नाहीत, नुसता फोन आला होता, तर संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' मध्ये कळवा.

चौथं, व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. तुमच्या आणि घरच्यांच्याही. मग कॉल चोराकडे वळला तरी पिनशिवाय त्याला आत येता येत नाही.

पाचवं, आपल्या राजूरच्या मित्रासाठी आणि तुम्हा सगळ्या ट्रेकर मंडळींसाठी. फॉरवर्डिंग वाईट नाही. भंडारदरा, रतनवाडी, हरिश्चंद्रगड या बाजूला निघालात तर रेंज जाणार हे माहीतच असतं. निघायच्या आधी *६२*, भावाचा किंवा मित्राचा नंबर, #. रेंज असेल तोवर फोन तुमच्याकडेच वाजेल, गेली की तिकडे. लांबून करता येत नाही ते आधीच करून ठेवायचं, एवढंच. वळलेल्या कॉलचा पुढचा टप्पा तुमच्या खात्यावर धरला जातो, त्यामुळे प्लॅन बघून घ्या. परत आलात की ##६२#. आणि फोन घरी राहिलाच असेल तर घरच्या माणसाला सेटिंगमधून करायला सांगा, किंवा कंपनीच्या कस्टमर केअरला ओळख पटवून विचारा. कंपनीनुसार नियम वेगळे आहेत.

आता शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. वरचे कोड आई-वडिलांना पाठ करायला लावू नका. त्यांना एकच नियम सांगा : फोनवर कोणीही स्टार किंवा हॅश म्हणालं, तर काही न दाबता फोन ठेवायचा आणि पोराला किंवा पोरीला लावायचा. फॉरवर्डिंग चालू असलं तरी इथून बाहेर जाणारा कॉल लागतोच, हे आपण मामांच्या वेळी पाहिलं. मग तुम्ही कोड सांगायचा, तोही 'मी हे का सांगतोय' हे एका वाक्यात सांगून. कारण न सांगता आपणच "दाबा हो पटकन" म्हणत राहिलो, तर त्यांना तसंच ऐकायची सवय लागते, आणि ती सवय चोराच्या कामी येते.

आणि हो, दिवसभर फोन वाजला नाही तर 'आज शांत आहे' असं समजू नका म्हणावं. शेजारच्याच्या फोनवरून स्वतःला एक कॉल लावून बघायचा. पी.पी.चे दिवस संपले असले तरी शेजारी अजून उपयोगी पडतात!

या रविवारी गावी फोन कराल तेव्हा जेवलात का विचारून झालं की पुढचं वाक्य हे असू द्या : "आई, तुझा फोन हातात घे, स्टार-हॅश-एकवीस-हॅश दाबू आपण, मी सांगते काय दिसायला पाहिजे." पाच मिनिटांचं काम आहे. काही प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. काळजी घ्या, भेटू.